‘पाहिलं नाही’चा रकाना

नाचणगावात बबनराव थूल म्हटलं तर लोक विचारात पडत. ‘टोळवाले बबनराव’ म्हटलं की कुणीही घर दाखवी. शेतकीचा डिप्लोमा झाल्यावर सरकारी जाहिरात पाहून अर्ज केला आणि कपाशीच्या गावातले, बौद्ध वस्तीतले हे पहिले सरकारी नोकर थेट राजस्थानच्या वाळूत जाऊन पडले. पाकिस्तानच्या सीमेलगत चौकी होती. काम एकच, टोळ कुठे आहेत ते शोधायचं. वर्षातून एकदा, हिवाळ्यात, ते पुलगाव स्टेशनवर उतरत. बाकीचं वर्षभर ते आणि त्यांची बायको सुलोचना पोस्टकार्डांवर संसार करत.

त्या पोस्टकार्डांनीच घात केला. पण आधी नोकरीचं सांगायला हवं.

टोळ पलीकडच्या वाळूत अंडी घालतात आणि पंख फुटले की अलीकडे खायला येतात. कधी याच्या उलट. पूर्वी पलीकडची खबर त्यांच्या राजधानीत जाई, तिथून दिल्लीला येई, आणि फिरत फिरत चौकीवर पोचेपर्यंत टोळांनी बाजरीचा फडशा पाडलेला असे. सत्त्याहत्तर सालापासून दोन्ही देशांचे अधिकारी पावसाळ्याच्या हंगामात महिन्यातून एकदा सीमेवरच भेटू लागले. चहा होई, कागदांची देवाणघेवाण होई. साहेबांच्या मागे कागदांचा गठ्ठा घेऊन बसलेल्या बबनरावांना मात्र एक गोष्ट खुपे. दोन्हीकडच्या कागदांवर शब्द एकच, ‘निरंक’. जिथे टोळ नाहीत तिथे निरंक, आणि जिथे कुणी पाऊलच टाकलं नाही तिथेही निरंक! ‘गेलो नाही’ असं लिहून शिव्या कोण खाणार?

अठ्ठ्याहत्तरला अशाच एका निरंक पट्ट्यातून टोळधाड उठली. पट्टा कोणत्या बाजूचा होता ते विचारू नका, दोघांचेही हात सारखेच बरबटलेले होते. दोन दिवसांत उभी पिकं गेली. मग बबनरावांनी साहेबांचा पिच्छा पुरवला. कागदावर आणखी एक रकाना हवा, ‘पाहिलं नाही’. दोन वर्षं साहेबांनी हसण्यावारी नेलं. शेवटी वैतागून त्यांनी तो कागद बैठकीत ठेवला. पलीकडचे पिकल्या दाढीचे अधिकारी तो वाचून मोठ्याने हसले. “लो, हमारी चोरी पकडी गयी,” म्हणाले आणि कबूल झाले.

एवढीच बबनरावांची आयुष्यभराची कमाई. ना त्यावर त्यांचं नाव आलं, ना पगार वाढला. पण त्या रकान्यामुळे न पाहिलेल्या पट्ट्यांत जीप आधी जाऊ लागली. सुट्टीत घरी आले की ते सुलोचनाला ही हकिकत इतक्यांदा सांगत, की भाकरी थापता थापता तीच पुढचं वाक्य म्हणून टाकी.

त्र्याऐंशीच्या आषाढात सुलोचनाच्या काखेजवळ गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून तिने दुर्लक्ष केलं. पोळ्यापर्यंत ती लिंबाएवढी झाली. बबनरावांचा धाकटा भाऊ भैयाजी पुलगावच्या मिलमध्ये कामाला होता. तो म्हणाला, “वहिनी, दादाले कार्ड टाकतो.”

“तुले माही शपथ हाये,” ती म्हणाली. “औंदा टोळ लई निंगाले म्हन्तेत. त्यायच्या मिटिंगा चालू हायेत. नोव्हेंबर सरू दे, मंग ते घरीच येतेत.”

दर पंधरा दिवसांनी तिचं कार्ड निघे. ‘इकडील सर्व खुशाल आहे. काळजी नसावी.’ बबनराव ते वाचून खिशात घालत आणि कामाला लागत. त्यांचा राग येतो तो इथे. दोन सरकारांच्या निरंकवर विश्वास न ठेवणारा हा माणूस! पण कार्डावरची अक्षरं दर खेपेला जास्त वाकडी येत होती, आणि बाई वावरात जाते की नाही याचा त्यांत चकार शब्द नव्हता, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

डिसेंबरात ते पुलगावला उतरले. भैयाजीने फलाटावरच सगळं सांगितलं आणि रडायला लागला. दुसऱ्याच दिवशी ते सुलोचनाला घेऊन सेवाग्रामच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी शांतपणे तपासलं आणि बबनरावांना बाहेर बोलावून सांगितलं की चार-पाच महिने आधी आले असते तर काही करता आलं असतं, आता रोग पसरला आहे. बबनरावांनी रजा वाढवून घेतली.

जानेवारीत एका सकाळी त्यांनी सुलोचनाची बाज अंगणात उन्हाला आणली. ती हाडांचा सापळा झाली होती. महिनाभर ओठांवर आलेला प्रश्न त्यांनी त्या दिवशी विचारला.

“काऊन नाई लिवलं व मले? एक ओळ लिवली असती तं रातच्या गाडीनं आलो असतो मी.”

सुलोचनाने मान त्यांच्याकडे वळवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

“तुमच्या पेटीत दवाखान्याची चिठ्ठी सापडली व्हती मले,” ती म्हणाली. “तीन वर्सं झाले. तुमी तथी उनाची लू लागून अकरा रोज पडून व्हते. सुदबी नव्हती म्हने दोन रोज. अन् त्याच म्हयन्यातलं कार्ड हाये माह्यापाशी. ‘मी मजेत आहो,’ असं लिवलं तुमी.”

बबनरावांनी तिला पाण्याचा घोट पाजला.

“मले वाटलं,” ती म्हणाली, “आपल्या घरात असंच लिवतेत.”

त्यांनी तिच्या अंगावरची गोधडी सारखी केली आणि ते बाजेच्या पायथ्याशी जमिनीवरच बसले. आतून भैयाजी चहासाठी हाका मारत होता. त्यांना उठवेना. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुलोचना गेली.