मास्तरांची साक्ष

“माझे डोळे गेलेत साहेब, आता हा पोरगाच माझे डोळे.”

कोपऱ्यावरच्या शिंप्यानं, ज्याला सगळी गल्ली मास्तर म्हणायची, हे भर कोर्टात सांगितलं. त्याच्या मुलानं दारू पिऊन गाडी चालवली होती आणि शेजारणीच्या मुलीचा पाय गेला होता. गुन्हा शाबीत झाला. पण आंधळ्या बापाकडं पाहून न्यायाधीशांनी शिक्षा काही महिन्यांवर आणली.

दुसऱ्या दिवशी मास्तर दुकानात बसून काज करत होते, काळ्या कापडावर काळा दोरा. समोरचा न्हावी ओरडला, “कोर्टातून येताना वाटेत डोळे सापडले वाटतं, मास्तर!” मास्तर हसले. ते हसू बराच वेळ तोंडावरून जाईना.

मग शेजारीण आली. तिनं मुलीची पँट पुढ्यात ठेवली.

“भाऊ, डावा पाय गुडघ्याच्या वर कापून शिवून द्या. उजवा राहू दे.”

टोमणा नाही, शाप नाही. मास्तरांनी खडूची रेघ मारली. सरळ आली. दोघांनीही ती पाहिली.

पँट देऊन ते अपिलांचं काम पाहणाऱ्या सरकारी वकिलाकडं गेले. खटल्यात दुसरा वकील होता.

“शिक्षा वाढवून मागायचीय.”

“तुम्ही मुलीचे कोण?”

“पोराचा बाप.”

“अहो काका, बाप लोक इथं उलट्या कामाला येतात!” मग वकिलानं समजावलं : शिक्षा कमी पडली म्हणून अपील करायचं ते सरकारनंच, मुलीच्या आईलाही तो अधिकार नाही. “त्या येऊन गेल्या. पण नुसती दया येते म्हणून सरकार वर जात नाही. न्यायाधीशांचं कुठं चुकलं, ते दाखवावं लागतं. त्यांच्यासमोर तुम्ही आंधळे म्हणून उभे होतात. त्यांचं काय चुकलं?”

“आणि बापाला दिसत असेल तर?”

वकिलानं त्यांच्या डोळ्यांकडं नीट पाहिलं.

“तर अपिलात दम आहे. तसं लिहून द्या. पोराची शिक्षा वाढू शकते. खोट्या साक्षीबद्दल तुमच्यावरही खटला होईल.”

त्यानं कोरा कागद सरकवला. मास्तरांनी नाव लिहिलं, पत्ता लिहिला, ‘मला’ लिहिलं. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या दारात पोरानं त्यांचा दंड धरला होता. “पायरी आहे, बाबा,” म्हणाला होता. ते नाटक होतं की काळजी, हे त्यांना अजून उमगलं नव्हतं.

“दिसतं ना, काका?” वकिलानं हळूच विचारलं.

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. कागदाची घडी केली, खिशात कोंबली, आणि ते बाहेर पडले.