पावणेदोनचे सव्वादोन

आमच्या शेजारच्या ड्रायव्हरकाकांनी एकतीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली, पण दुसऱ्याच्या गाडीत ते सुखानं कधी बसले नाहीत. कुणाच्या मोटारीत बसलेच, तर तिथं नसलेला ब्रेक उजव्या पायानं दाबत राहायचे.

दूरच्या शहरात राहणाऱ्या त्यांच्या मुलीचं हृदयाचं ऑपरेशन तिकडेच गुरुवारी सकाळी दहाला ठरलं. ती फोनवर एवढंच म्हणाली होती, "बाबा, आत नेण्याआधी तुम्ही दिसायला हवेत." सोमवारी संध्याकाळी मी चौकशीला गेलो, तेव्हा घरात वाद पेटलेला.

"उद्याची बस गुरुवारी आठला पोचते," काका म्हणाले. "दोन तास हातात."

"तुमची बस कधी वेळेवर पोचली होती हो?" काकूंनी विचारलं.

काकांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. ते खोटं बोलत नसत.

पुतणी लॅपटॉप घेऊन बसली होती. "काका, बुधवारचं विमान आहे. चौदाशे किलोमीटर, सव्वादोन तास."

"वेग किती?"

"ताशी आठशे."

काकांनी मनातच भागाकार केला. "पावणेदोन होतात. वरचा अर्धा तास कुठला? काहीतरी लपवतायत. आपण बसनंच जाऊ."

काकूंनी कपाळावर हात मारला. "घ्या! आता विमानाचा हिशेब तपासणार!"

पुतणी हसली. "लपवत नाहीत, काका. जागेवरून हलल्यापासून वेळ धरतात. धावपट्टीपर्यंत जायचं, रांगेत थांबायचं, उतरल्यावर पुन्हा जागेला लागायचं."

"म्हणजे डेपोतून निघून स्टँडला लागेपर्यंत?"

"तसंच."

काकांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवून ते आकडे पुन्हा वाचले. त्यांच्या नोकरीत साहेब लोक अंतराला वेगानं भागून कागद हातात द्यायचे. फाटक, गर्दी, घाट, कशालाच मिनिटं नसायची, आणि उशिराचा मेमो मात्र काकांच्या नावावर. असे मेमो त्यांनी किती घेतले, ते मला माहीत आहे. खुलासे मीच लिहून द्यायचो.

"गुरुजी," ते मला म्हणाले, "हे टाइमटेबल ज्यानं केलंय ना, त्याला गाडी चालवणं ठाऊक आहे." मग पुतणीकडे वळून, "काढ दोन तिकिटं. तुझ्या काकूला खिडकी दे. मला नको."

विमानात काकांनी काय केलं ते काकू अजून रंगवून सांगतात. हवाईसुंदरीनं पाणी विचारलं, तर हे म्हणाले, "ड्रायव्हरना दिलंत का आधी?"

गुरुवारी सकाळी स्ट्रेचर निघालं, तेव्हा काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे होते. मुलीनं त्यांना पाहिलं, चष्मा काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. "सांभाळा. तुम्ही कशावरही बसता."

तो त्यांनी खिशातसुद्धा ठेवला नाही. हातात धरून बसले. काकूंनी चहा आणला तोही डाव्या हातानं प्यायले.

संध्याकाळी ती शुद्धीवर आली. ओठ कोरडे, आवाज जेमतेम. नर्सनं वाकून विचारलं, "काही हवंय का?"

"चष्मा," ती म्हणाली. "बाबांकडे आहे."