जयरामनानांची बंद बाटली

पोटच्या लेकरानं चार परक्यांत तुम्हाला कधी मान खाली घालायला लावलीय? लावली असेल, तर नाशिक रोडच्या जयरामनानांचं दुखणं तुम्हाला वेगळं सांगायला नको.

नानांनी नाशकातल्या द्वारका चौकात ट्रकांवर पोती चढवली आणि पोरगी पायल संशोधनापर्यंत नेली. कुणाच्या मेहेरबानीवर नाही, हे आधीच लिहून ठेवलेलं बरं.

पायलचं काम फांद्याफांद्यांचं पॉलिएस्टर बनवायचं. कडीसारखे मिटलेले रेणू तापवून उघडायचे. उघडलेली कडी पुढचीला धरते. पायलच्या कड्यांना एक हात जादा, म्हणून सरळ साखळी न होता झाडासारखा पसारा वाढतो. त्या फांद्यांच्या टोकांना उद्या औषध बांधायचं, हे तिचं स्वप्न. वैरी एकच, पाणी. हवेतला ओलावासुद्धा पुरतो. तो आत शिरला की झाडाऐवजी नुसती खुरटी रोपं.

वैशाख पौर्णिमेला नाना विहारातून थेट लॅबवर आले. पांढरा सदरा घामानं अंगाला चिकटलेला, हातात खिरीचा डबा.

"काय शिजवतीस गं एवढं? दाखव की."

"पप्पा, खीर आहे का ती, झाकण काढून बघायला?" पायल हसली. पण बापाचा घाम तिला बघवेना. काम चालू असताना पाण्याचा कूलर लावायचा नाही, हा तिथला नियम. तिनं तो लावला. वर कौतुकाच्या भरात काचभांड्याचं बूचही काढलं.

"मधावाणी दिसतंय," नाना वाकून म्हणाले. "लय भारी!"

दोन दिवसांनी मोजणीत ते भारी निघालं नाही. सगळा माल हलका, खुरटा. पायलचे गाईड सर खवळले, "भांडं उघडलं कोणी?" आजूबाजूला सगळी पोरं उभी. पायलची जीभ घसरली ती घसरलीच. "पप्पा आले होते, सर. त्यांनीच हट्ट धरला."

नाना त्याच वेळी लेकीच्या जेवणाचा डबा घेऊन दारात उभे.

"व्हय साहेब," ते म्हणाले, "चूक माझीच. अडाणी माणूस हाय." डबा स्टुलावर ठेवला आणि गेले. संताप येतो तो इथेच. तिथल्या एकाही शिकलेल्या माणसाला त्यांना थांबवावंसं वाटलं नाही!

पुढे झाड जमलं. पायलनं त्यातलं थोडं बाटलीत भरून घरी आणलं. "पप्पा, उघडून बघा."

"नको बाई. माझा हात लागला की बिघडंल."

"कूलर मी लावला होता! बूच मी काढलं होतं! सरांनाही सांगितलंय मी."

"बापाचं मन राखतीस व्हय? बस, जेवून घे."

बाटली बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी आहे, तशीच बंद. पाहुणा हात लावायला गेला की नाना ओरडतात. डबा आता वॉचमनकडे देऊन गेटवरूनच परततात. वरच्या खिडकीतून पायल त्यांची पाठ बघत राहते. हाक मारायला तोंड उघडते. शब्द मात्र त्या दिवशीचेच आठवतात.

लेकीचं ते ऐकत नाहीत. चारचौघांत लागलेला डाग चारचौघांनीच पुसावा लागतो. तेव्हा नाशिक रोडला गेलात तर नानांकडे चहाला थांबा, आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणा: नाना, कूलर पायलनं लावला होता. उघडा ती बाटली.