बोट पोळलं तेव्हा

मोहाची फुलं भाजल्याचा वास आला की मला धानोऱ्याकडचा कुष्ठरोगाचा दवाखाना आठवतो, जिथं पन्नासच्या दशकात मी नर्स होते. एक नवी गोळी किती गुण देते ते तिथं पाहिलं जात होतं, आणि ती घेणाऱ्या बाईला दोन अटी होत्या: दुसरं कुठलंही औषध घ्यायचं नाही आणि दिवस जाऊ द्यायचे नाहीत. बोटं बधिर झालेली एक बाई नवऱ्याबरोबर आली. अटी ऐकून मला म्हणाली, "बाई, लेकरू होऊ नाई म्हणूनच तं मी जंगलातली जडी खातो. ते सोडली तं लेकरू होईन. मंग कोनती अट पाळू?" तेव्हा नवराच म्हणाला, "औषध सरेपर्यंत हिले मायघरी ठेवतो. पोरं मी पाहतो, मोहबी मीच येचतो." ती गोळ्या घेत माहेरी राहिली. पुढच्या मोहाच्या हंगामात दवाखान्यात आली ती बोट पुढे करूनच. मोह भाजताना कढईला लागून फोड आला होता, पोळल्याचं तिला कळलं होतं, आणि बाई हसत होती. परवा तव्याला माझं बोट लागलं. आधी मी चिडले, मग ती बाई आठवली आणि बोटावर नळ सोडायचा राहून गेला.