धुराचा खोकला की गोळीचा?

कल्पना करा, तुम्ही मातीच्या भट्टीपुढे बसून जाळीवरचे मासे उलटताय आणि धूर थेट तोंडावर येतोय. घानाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या एल्मिनात क्वानसेमा मावशी आयुष्यभर हेच करत आली. रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि तिला कोरडा खोकला जडला.

"ताई, धुरात बसतेस, मग खोकला नाही तर काय गाणं येणार?" धाकटी बहीण अराबा हसली. तीही त्याच भट्टीवर बसायची, तीच गोळी घ्यायची आणि ठणठणीत होती.

दोघींची आई रक्तदाबानेच गेलेली, म्हणून मावशीला गोळी सोडायची नव्हती. आधी धूर सोडून बघू, असं ठरवून तिने भट्टी अराबावर सोपवली आणि आपल्या मामाकडे, धुरापासून लांब, राहायला गेली. खोकला तिथेही थांबेना. मग तिने दवाखाना गाठला.

"हा खोकला गोळीचाच," डॉक्टर म्हणाले. "कुणाला ती सोसते, कुणाला नाही. त्यात आईबापांकडून आलेल्या जनुकांचाही हात असतो. गोळी बदलू, पण बंद करायची नाही."

नव्या गोळीने दाब उतरला, खोकलाही गेला. मावशी पुन्हा भट्टीवर बसली. पण पुढच्या तपासणीला तिने डॉक्टरांना गाठलंच. "आम्ही दोघी एकाच आईच्या, तरी हे असं. मग उद्या माझ्या लेकीला गोळी लागली, तर कुठली सोसेल, हे आधीच कसं कळायचं?"