सुजाताच्या खांद्याचं माप

हे मी आजवर कुणापाशी बोललेली नाही. नवऱ्यापाशीही नाही. तसं बघायला गेलं तर गोष्ट एका हँडलची — सायकलच्या हँडलची. हसाल तुम्ही. हसा, पण ऐका.

लालबागला मी ब्लाउज शिवते. वीस वर्षं झाली. माप घेण्यात माझा हात कुणी धरणार नाही. हे आधीच सांगून टाकते — म्हणजे पुढे 'चुकून झालं असेल गं' असं म्हणायला तुम्हाला जागा नको.

सुजाता माझी धाकटी नणंद. नवऱ्याचं घर सोडून ती आमच्याकडे परत आली, तेव्हा वर्षभर खिडकीपाशी बसून असायची. मीच तिला बाहेर ओढलं. रविवारी सकाळी मी एका ग्रुपबरोबर सायकल चालवायचे, गिरगाव चौपाटीपर्यंत आणि परत. तिनेही ओळखीतल्या एका माणसाची जुनी रेसिंगची सायकल घेतली. आणि दोनच महिन्यांत — पेडर रोडच्या चढावर मला तिची पाठ दिसायला लागली. नुसती पाठ. ग्रुपमधले मलाच विचारायचे, "सुजाता येतेय ना?" मी समोर उभी, आणि चौकशी तिची. वाईट वाटायचं का? नाही हो — जळायचे मी. सरळ शब्द तोच आहे.

मग तिची मान धरायला लागली. तळहातांना मुंग्या. परळचा सायकलवाला म्हणाला, पुरुषाची सायकल आहे, हँडल तुम्हाला रुंद होत असणार. एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्या खांद्याच्या हाडापर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढंच हँडल हवं. घरी मोजून सांगा, बदलून देतो.

घरी मी होतेच की. ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. "वहिनी, तूच बघ. तुझ्या टेपवर माझा डोळे मिटून विश्वास."

टेप लावली. छत्तीस सेंटिमीटर. हँडल बेचाळीसचं — ते आम्ही दोघींनी आदल्या दिवशीच मोजलं होतं. मी टेप गुंडाळली आणि म्हणाले, "बेचाळीस. आहे तेच बरोबर आहे गं. तुलाच सवय नाही."

ठरवून बोलले का? नाही — पण तोंडातून गेलेलं मागे घ्यायला कितीसा वेळ लागला असता? ती अजून पाठमोरीच होती.

तीन महिने तिने तशीच रेटली. हात फाकवून, दर सिग्नलला बोटं झटकत. डॉक्टरांना हाडात काही सापडलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "बायल माणसाक ह्यां झेपाचा नाय." मी पोळी लाटता लाटता म्हटलं, "हो ना." म्हटलं मी तसं! सुजाता ताट घेऊन शेजारीच बसली होती. ती हळूच म्हणाली, "माझ्यातच खोट आहे, वहिनी. संसार झेपला नाही, आता हेही नाही." तेव्हा तरी बोलायचं ना? मी तिला आणखी एक पोळी वाढली.

सायकल तिने मला देऊन टाकली. "तुला तरी होईल," म्हणाली. माझे खांदे रुंद आहेत. ते हँडल मला अगदी बेतल्यासारखं बसतं. दर रविवारी मी त्याच सायकलवरून जाते. ती पुन्हा खिडकीपाशी बसते.

गणपती आता जवळ आलेत. परवा तिच्या नव्या ब्लाउजचं माप घेतलं. दरवर्षी मीच घेते. हात सोडून, माझ्याकडे पाठ करून ती उभी राहते. टेपकडे बघतसुद्धा नाही. खांदा सव्वाचौदा इंच, म्हणजे छत्तीस सेंटिमीटर. माझ्या वहीत तिच्या नावापुढे हाच आकडा कितीतरी वर्षं आहे. त्या दिवशीही होता. मी तो पुन्हा लिहिला. ब्लाउज तिला चोख बसेल.