रकान्यातली मोकळी जागा

मी जात्याच संशयी. भाजीवाल्याने 'एकदम ताजी आहे' म्हटलं की मी जुडी उलटी करून बघणारच. नवं शतक लागलं त्या सुमारास मला नाशिक रोडच्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅम तपासायची नोकरी मिळाली, तेव्हा आई म्हणाली, बरं झालं, आता या खोडीचे पैसे तरी मिळतील.

तिथे पहिल्याच महिन्यात एक गोष्ट शिकले. पडद्यावर रिकामा दिसणारा रकाना रिकामा असेलच असं नाही. कुणी स्पेसचं बटण नुसतं एकदा दाबलं असलं, तर डोळ्यांना काही दिसत नाही, पण कंप्युटर म्हणतो, भरलेला आहे. हे कळलं आणि मला ताई आठवली.

माझी मोठी बहीण इंदिरानगरच्या एका वधू-वर केंद्रात दुपारी टायपिंग करायची. तिचं नावही तिथेच नोंदवलेलं. सुरुवातीला काही स्थळं बघून गेली, नकार आले, मग सगळंच थंडावलं. आई आतून झुरत होती. केंद्र चालवणाऱ्या काकू म्हणायच्या, जुळतच नाही गं, मी तरी काय करू? मला वाटायचं, पाणी इथेच मुरतंय. अशी हातची टायपिस्ट लग्न करून गेली तर यांचं काम कोण ओढणार!

ताईला सुट्टी होती त्या दिवशी मी आईला घेऊन केंद्रात गेले आणि काकूंच्या मागे लागून ताईची माहिती उघडायला लावली. 'मंगळ' हा रकाना मोकळा होता. मी खोलात जाऊन तपासलं, तर आत एक स्पेस! रकान्यात काहीही असलं की प्रोग्रॅम मंगळ आहे असं धरायचा, आणि बिनमंगळाच्या मुलांना ताईचं नावच दाखवायचा नाही. आत काहीतरी शिरलंय, असं आईला सांगून मी ती स्पेस पुसली. काकूंना काही बोलले नाही, पण नजर ठेवायची असं ठरवलं.

थोड्या दिवसांनी जाऊन बघते तर स्पेस परत हजर. माझं डोकंच फिरलं. घरी येऊन ताईला म्हटलं, उद्या त्या बाईची चार लोकांत शोभा करते. ताई मटार सोलत होती.

"काकूंना काही बोलू नकोस," ती म्हणाली. "ते मी केलंय."

काखेत कळसा नि गावाला वळसा! पहिल्यांदा ते बटण तिच्याकडून चुकून दाबलं गेलं होतं. स्थळं थांबली तशी तिला कारण उमगलं, आणि तिने ते तसंच राहू दिलं. नटून अनोळखी माणसांसमोर बसायचं, मग नकाराची वाट बघायची, ते तिला पुन्हा नको होतं. आईला तोंडावर नाही म्हणायचा धीर नव्हता. मला फार वाईट वाटलं. मला तरी सांगायचंस, मी म्हणाले.

"तू सगळं तपासतेस गं," ती म्हणाली. "विचारत नाहीस."

पुढच्या आठवड्यात आईने मला पुन्हा केंद्रात नेलं. काकूंनी ताईची माहिती उघडून दिली. आई माझ्या खुर्चीमागे उभी राहिली आणि म्हणाली, नीट बघ हं, परत काही शिरलं नाही ना त्यात?

मी बघितलं. स्पेस जागच्या जागी होती.

"नाही आई," मी म्हणाले. "रिकामा आहे."